डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'आराम' लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन, न्यूरोफिजिशियन आणि आयसीयू सांभाळणारे सर्व डॉक्टर

आदरणीय डॉक्टर मंडळी,

स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. माझे बहुतेक पेशंट तुमच्याकडचेच. फरक इतकाच, की ते तुमच्याकडून थेट माझ्याकडे येत नाहीत. आधी घरी जातात, तिथे पडून राहतात, घरचे थकतात आणि मग कुणीतरी सुचवतं म्हणून मला फोन येतो. मधल्या काळात त्यांच्या हातात असतं तुमचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर औषधं नीट लिहिलेली असतात. उपाशीपोटी कोणतं, जेवणानंतर कोणतं, किती दिवस, सगळं. टाके काढायची तारीख असते. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'बेड रेस्ट, ६ आठवडे'. कधी तेवढीही नसते, नुसतं 'आराम'. कोणत्या अवयवाला, किती, कधीपर्यंत, आणि तोवर उरलेल्या शरीराने काय करायचं, यातलं काहीच नाही. गोळी लिहिताना पाचशेची की साडेसहाशेची हे आपण न चुकता लिहितो. आरामाला मात्र मात्रा नाही.

माझी मागणी एका ओळीची आहे. आराम लिहाल तिथे त्याची मात्रा लिहा, आणि त्याच्या शेजारीच हालचालीचीही लिहा. हे का मागते आहे, ते सांगायला थोडी जास्त जागा लागेल. पत्र उघडं असल्यामुळे पेशंटचे नातेवाईकही ते वाचतील, तेव्हा तुम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं काही पुन्हा सांगितलं तर समजून घ्या.

पडून राहिल्याने स्नायू झिजतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. प्लॅस्टर निघालं की बायको म्हणते, "पाय किती वाळला हो," आणि घरात दूध, अंडी, डबाबंद प्रोटीन पावडर सुरू होते. न दिसणारा भाग वेगळा आहे. ताकद स्नायूच्या घेरापेक्षा खूप जास्त वेगाने उतरते. टेपने मोजलं तर मांडी थोडीच कमी भरते, पण पेशंटला खुर्चीतून उठवत नाही. घेराने समजत नाही अशी ही उरलेली ताकद गेली कुठे? तिचा बराचसा हिशेब मज्जारज्जूत आणि मेंदूत लागतो.

मज्जारज्जूच्या पुढच्या भागात मोटर न्यूरॉन असतात, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशी. प्रत्येक पेशीच्या वाट्याला काही स्नायुतंतू येतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे जेमतेम दहा-वीस, पोटरीत हजारावर. पेशी आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. ही कल्पना १९२० च्या दशकात चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांडली. पेशीने संदेश सोडला की तिचे सगळे तंतू एकदम आकसतात, अर्धेमुर्धे नाहीत. मग जोर कमी-जास्त होतो तो कसा? एकतर आणखी पेशी कामाला लागतात, नाहीतर लागलेल्या पेशी संदेश भराभर सोडतात. कोणती पेशी कधी लागणार याचाही क्रम ठरलेला असतो. एल्वुड हेनमन यांनी १९६० च्या दशकात तो दाखवून दिला: आधी लहान पेशी, मोठ्या सगळ्यात शेवटी.

या क्रमाचा घरातल्या कॉटशी थेट संबंध आहे. नातेवाईक मला सांगतात, "मॅडम, हातपाय हलवतात की ते, अगदीच पडून नसतात." खरं आहे. पण कूस बदलायला, चादर ओढायला, पाय थोडा सरकवायला लहान पेशी पुरतात. मोठ्यांची पाळीच येत नाही. त्या लागतात कमोडवरून उठताना, पायरी चढताना, आणि तोल गेला की पाय चटकन पुढे टाकताना. सहा आठवडे ज्यांची पाळी आली नाही त्या पेशींकडून सातव्या आठवड्यात आपण नेमकं तेच काम मागतो. पेशंट पडतो. मग 'वयच झालंय' म्हणून सगळे मोकळे होतात.

पाळी आली नाही तर या पेशींचं काय होतं, हे माणसांवर मोजलेलं आहे. ब्रसेल्सच्या ड्यूशातो आणि एनो या दोघांनी १९९० साली हाताच्या अंगठ्याच्या स्नायूवर काम केलं. सहा ते आठ आठवडे जखडून ठेवलेल्या त्या स्नायूत मोटर युनिट पूर्वीच्या वेगाने संदेश सोडू शकत नव्हते. २०२२ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने निरोगी तरुणांचा एकच पाय १५ दिवस गुडघ्यात अडकवून ठेवला आणि मांडीत सुई घालून नोंदी घेतल्या. अडकवलेल्या पायात संदेशांचा वेग घटला, मोकळ्या पायात नाही. म्हणजे हा काही अशक्तपणा, ताप किंवा भूक मेल्याचा परिणाम नव्हे. दोन्ही पाय एकाच माणसाचे, एकच जेवण, एकच झोप. वापर तेवढा वेगळा.

मज्जारज्जूच्या वर मेंदूतही हेच चाललेलं असतं. झुरिचमध्ये २०१२ साली उजवा हात दुखावलेल्या दहा जणांचे एमआरआय काढले, एकदा दुखापत झाल्यावर लगेच आणि एकदा हात दोन आठवडे बांधलेला राहिल्यावर. उजव्या हाताचा कारभार बघणारा डाव्या मेंदूचा भाग तेवढ्यात पातळ झाला होता. २०२० मधला अमेरिकेतल्या सेंट लुईसचा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात संशोधकाने स्वतःच हातात प्लॅस्टर घालून घेतलं. निको डोसेनबाख आणि आणखी दोघं, असे तीन निरोगी लोक, प्रत्येकाचा नेहमीच्या वापरातला हात दोन आठवडे प्लॅस्टरमध्ये, आणि रोज स्कॅन. हाताचं नियंत्रण करणाऱ्या भागाचा मेंदूच्या उरलेल्या हालचाल-यंत्रणेशी असलेला संबंध ४८ तासांत विस्कटू लागला होता. दोन दिवस! आपल्याकडे दोन दिवसांत इन्शुरन्सची मंजुरी येत नाही.

यातली चांगली बातमीही सांगते. प्लॅस्टर काढल्यावर त्या तिघांचे संबंध थोड्याच दिवसांत पूर्ववत झाले. वापर थांबला म्हणून मोटर न्यूरॉन आठवड्याभरात मरून पडतात, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. त्या जिवंत असतात, पण गप्प होतात. त्यांना जागं करायला जास्त जोराचा धक्का लागतो आणि जाग्या झाल्या तरी त्या हळू बोलतात. तरुण माणसात हे उलटवता येतं. म्हाताऱ्यांचं तसं नाही. कोपनहेगनमध्ये तरुण आणि वयस्क पुरुषांचा एकेक पाय दोन आठवडे जखडून, नंतर चार आठवडे दोघांकडूनही सारखाच व्यायाम करून घेतला. तरुणांचा स्नायू भरून आला, वयस्कांचा तेवढा आला नाही. आणि स्नायूला पूर्ण ताकदीने हुकूम देण्याची क्षमता उतरली होती ती वयस्कांचीच. साठीनंतर मोटर न्यूरॉनची संख्या तशीही घटत जाते. मग ज्याच्याकडे शिल्लकच कमी, त्याला आपण सगळ्यात लांबलचक आराम लिहून देतो, हा कुठला न्याय?

आता उलट दिशा. हुकूम चेतापेशीकडून स्नायूकडे जातो हे सगळे शिकतात. स्नायूकडूनही चेतापेशीकडे काहीतरी परत येतं, हे तेवढं ठसत नाही. व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३० च्या दशकात कोंबडीच्या गर्भातला पंखाचा कोंब कापून टाकला, तर मज्जारज्जूच्या त्या बाजूला मोटर न्यूरॉन कमी भरले. स्नायूच नाही, तर त्याला हुकूम देणारी पेशी टिकत नाही. हे काम वाचून रीटा लेव्ही-माँतालचिनी या ज्यू डॉक्टर बाईंनी, मुसोलिनीच्या कायद्याने विद्यापीठातून बाहेर काढल्यावर, तूरिनमधल्या घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि अंडी आणून तोच प्रश्न पुढे नेला. त्या वाटेवरच चेतापेशींना जगवणाऱ्या द्रव्याचा शोध लागला आणि १९८६ मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पुढे १९९५ साली उंदरांवरच्या कामातून दिसलं की मोठ्या प्राण्याचा स्नायूसुद्धा असं एक द्रव्य तयार करतो, आणि किती करतो हे त्याला किती काम मिळतं यावर ठरतं. काम नाही तर स्नायूकडून पेशीला येणारा शिधाही आटतो.

इथे जरा सांभाळून बोलायला हवं. २०१८ मध्ये मिलानच्या रफाएला आदामी आणि डानिएले बोत्ताई यांच्या गटाने उंदरांचे मागचे पाय २८ दिवस जमिनीला टेकू दिले नाहीत. पुढचे पाय मोकळे होते, खाणंपिणं नीट होतं. मेंदूतल्या एका भागात नव्या चेतापेशी घडवणाऱ्या मूळ पेशी जवळपास ७० टक्क्यांनी घटल्या. यावर जगभर 'पाय चालवा, मेंदू शाबूत ठेवा' अशा आशयाच्या बातम्या झाल्या. अभ्यास महत्त्वाचा आहेच, पण तो उंदरांवरचा आहे आणि त्यातल्या पेशी मोटर न्यूरॉन नव्हेत. माणसाच्या बाबतीत तो पुरावा म्हणून नाचवू नये. आमच्याच व्यवसायातले काही जण तो पोस्टरवर छापतात, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. माणसांवरचा पुरेसा पुरावा हाताशी असताना उंदरांच्या आडोशाला जायची गरज नाही.

हे सगळं घरात कसं दिसतं, ते एकदा माझ्याबरोबर येऊन बघा. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी. ऑपरेशन उत्तम झालेलं, एक्स-रे बघून समाधान वाटावं असा. पुण्यातल्या मुलाने भाड्याने फाऊलर बेड आणून ठेवला आहे, ब्युरोची बाई आहे, डायपर आहे, लघवीची नळी अजून काढलेली नाही. मी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवते आणि म्हणते, "आजी, गुडघा खाली दाबा." आजी श्वास रोखतात, कॉटची दांडी घट्ट धरतात, चेहरा लाल होतो, मान वर येते. माझी बोटं मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर आहेत. तिथे काहीच होत नाही. वाटी जागची हलत नाही. आजी विचारतात, "दाबला का मी?" त्यांना खरंच कळत नाहीये.

कोणतीही नस तुटलेली नाही. दुखणं आहे आणि थोडी सूजही आहे, त्यांचाही वाटा यात आहे. निरोगी गुडघ्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी टोचलं तरी मांडीच्या आतल्या स्नायूला मज्जारज्जूतूनच लगाम बसतो, हे १९८० च्या दशकात मोजून झालं आहे. पण आजींचा दुसरा, धडधाकट पाय? तिथेही गुंडाळी ठेवते. तोसुद्धा जेमतेम आवळला जातो. त्या पायाला कुणी आराम सांगितला होता? मी आधी चांगल्या पायाने करायला लावते, मग दोन्हींनी एकदम. दुखऱ्या मांडीवर बोटांनी टिचक्या मारत राहते, "आता बघा इकडे, वाटी वर गेली पाहिजे." बऱ्याच वेळाने बोटाखाली एक फडफड लागते. वाटी केसभर सरकते. सून ते बघायला वाकते आणि लगेच घाबरून कार्ड पुढे करते. "मॅडम, पण सरांनी आराम सांगितलाय ना? काही निसटणार तर नाही?"

या बाईंची काय चूक? तुमच्या सहीपुढे माझा शब्द चालत नाही, आणि चालू नयेच. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, लवकर उठवण्याचे तोटेही सिद्ध झालेत. झालेत, आणि ते मी लपवणार नाही. २०१५ मध्ये आलेल्या 'अव्हर्ट' या मोठ्या चाचणीत अर्धांगवायूच्या दोन हजारांवर पेशंटपैकी काहींना २४ तासांच्या आत, वारंवार आणि भरपूर वेळ अंथरुणाबाहेर काढलं, तर तीन महिन्यांनी त्यांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपेक्षा जरा उणीच निघाली. २०२२ मध्ये 'टीम' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ७५० पेशंटमध्ये जादा हालचालीने फायदा दिसला नाही, उलट काही त्रास वाढले. पण या चाचण्या नीट वाचा. 'टीम'मध्ये ज्यांना जादा व्यायाम दिला नव्हता, त्यांनाही रोज आठ-नऊ मिनिटं हलवलं जात होतं. 'अव्हर्ट'मधल्या नेहमीच्या गटातलेही बहुतेक पहिल्या दिवसाच्या आसपास अंथरुणाबाहेर आले होते. त्यांचं 'नेहमीचं' आपल्या बहुतेक वॉर्डांत 'आदर्श' ठरेल. त्याच 'अव्हर्ट'च्या आकड्यांवरून पुढे असंही निघालं की थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा उठवणं हे एकदाच लांबलचक उठवण्यापेक्षा चांगलं. म्हणजे या चाचण्या काय सांगतात? मात्रा लिहा. आणि बाजूला २००९ चा शिकागो आणि आयोवामधला अभ्यासही ठेवा: व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटपैकी ज्यांचं गुंगीचं औषध रोज थांबवून लगेच फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे उपचार) सुरू केली, त्यांतले ५९ टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करत होते. दुसऱ्या गटात ३५ टक्के.

अतिवापराने खरोखर नुकसान होणारे पेशंट आम्हीही ओळखतो. आपल्याकडे पोलिओ झालेली एक पिढी आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेही पोलिओच्याच रेट्याने. त्या लोकांच्या बऱ्याच मोटर न्यूरॉन लहानपणीच मेल्या. शेजारच्या वाचलेल्या पेशींनी ते अनाथ स्नायुतंतू, शेजाऱ्याचं पडीक रान वाट्याने करावं तसे, स्वतःकडे घेतले आणि चाळीस-चाळीस वर्षं ओढले. आता त्या पेशी थकतात. अशा माणसाला 'रोज दहा हजार पावलं' सांगणं क्रूरपणा आहे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते त्या गीयाँ-बारे आजाराची, साथ आली, दोनशेवर लोक आजारी पडले. त्यातून उठणाऱ्या पेशंटलाही थकवून चालत नाही. अशा पेशंटसाठी आम्ही दोन खेपांमध्ये विश्रांती किती, हे घड्याळ लावून ठरवतो. विश्रांतीला माझा विरोध कधीच नव्हता.

आणि दोष सगळा तुमचाही नाही. आपल्या घरांत आजारी माणसाला काही करू न देणं हीच माया समजली जाते. आजींनी ताटलीकडे हात नेला की सून घास भरवते. पेला उचलला की ब्युरोची बाई तो काढून घेते, कारण सांडलं तर चादर तिलाच बदलावी लागणार. डायपर लावला की बाथरूमला नेण्याचा प्रश्न मिटतो, आणि त्याबरोबर दिवसातून पाच-सहा वेळा उठण्याची एकुलती एक सक्तीही जाते. निरोगी माणसाची मांडी दिवसभर कशाने जागी राहते? याच ऊठबशीने. अमेरिकेतल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं आणि ताकद सहाव्या हिश्श्याने उतरली. तेही कुठलं हाड मोडलेलं नसताना. २००७ सालचा अभ्यास, म्हणजे नवी बातमी नव्हे.

अर्धांगवायूनंतर तर ही माया आणखी महाग पडते. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या कामातून दाखवलं की हात वापरता येत असूनही, सुरुवातीला फसल्यामुळे, प्राणी तो वापरायचंच सोडून देतो. त्यावरून जी उपचारपद्धत निघाली तिच्यात चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात अडकवून ठेवतात आणि अधू हाताकडून दोन आठवडे काम करून घेतात. २००६ मध्ये २२२ पेशंटच्या चाचणीत तिचा फायदा एक वर्षानंतरही टिकलेला दिसला. आपल्याकडे घरोघरी याच्या नेमकं उलट चालतं. अधू हात मांडीवर, उशीवर, झोळीत. चांगला हात सगळं करतो, आणि वर घरातल्यांचे चार हात.

तेव्हा नेमकं काय हवं आहे ते सांगते. कार्डावर लिहा, पायावर वजन टाकायचं की नाही, टाकायचं तर किती आणि कोणत्या तारखेपासून. कोणती हालचाल अजिबात करायची नाही तेही लिहा, म्हणजे उरलेल्या सगळ्या हालचाली आपोआप मोकळ्या होतात. खुर्चीत बसणं कधीपासून, दिवसातून किती वेळा. लघवीची नळी कधी काढायची, कारण नळी असेपर्यंत कुणी उठवत नाही. दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी पाऊण तास, नंतर नव्हे. आणि हे मराठीत लिहा. 'एनडब्ल्यूबी' (नॉन-वेट-बेअरिंग, म्हणजे पायावर वजन टाकायचं नाही) या तीन अक्षरांचा अर्थ विचारायला लोक माझ्याकडे येतात, तोवर तीन आठवडे उलटलेले असतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच पेशंटला उभं करावं, ही शिफारस ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत कधीपासून आहे. तुमच्यातले अनेक सर्जन ती पाळतात. पण वॉर्डात दुसऱ्या दिवशी उभी राहिलेली बाई घरी गेल्यावर पुन्हा आडवी होते, कारण कार्डावर वॉर्डातल्या त्या दुसऱ्या दिवसाचा उल्लेखच नसतो.

प्लॅस्टरच्या पेशंटसाठी तर बिनखर्चाचे दोन उपाय आहेत आणि ते फारच कमी सांगितले जातात. एक, मोकळ्या बाजूचा व्यायाम. एका हाताने मेहनत केली की दुसऱ्याचीही ताकद वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ सालीच नोंदलं गेलं आहे. एक हात प्लॅस्टरमध्ये असताना दुसऱ्याला व्यायाम दिला तर बंद हाताची घसरण रोखता येते, हेही पुढे तपासून झालं. दुसरा उपाय ऐकायला गमतीचा वाटतो. ओहायोमध्ये ब्रायन क्लार्क यांच्या गटाने २०१४ मध्ये लोकांचं मनगट चार आठवडे बांधून ठेवलं. त्यातल्या काहींना आठवड्यातून पाच दिवस, स्नायू न हलवता, 'मी पूर्ण ताकदीने मनगट दाबतो आहे' अशी मनातल्या मनात कल्पना करायला लावली. बाकीच्यांची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी उतरली, कल्पना करणाऱ्यांची २४ टक्क्यांनी. स्नायू दोघांचेही बांधलेलेच होते. वाचलेली ताकद चेतापेशींची होती. हे मी पेशंटला सांगते तेव्हा तो आधी हसतो. तुम्ही ओपीडीत एका वाक्यात सांगितलंत तर हसणार नाही.

फिजिओला बोलवायचं ते सांधा आखडल्यावर, ही पद्धतही सोडा. डिस्चार्जच्या दिवशी चिठ्ठी द्या, माझ्याकडेच पाठवा असं नाही. पेशंटच्या गावाजवळ जो असेल त्याच्याकडे. जिथे फिजिओ नाहीच, तिथे सुटी देण्याआधी तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरने घरच्या एका माणसाकडून पेशंटला कॉटवरून खुर्चीत एकदा तरी उतरवून घ्यावं. 'बघून ठेवा' म्हणून नाही, त्याच्याच हाताने. मग घरी गेल्यावर त्याला भीती वाटत नाही.

तुमच्या संघटनांच्या जिल्हा शाखांनी मिळून अशा कार्डाचा एक छापील नमुना ठरवला, तर आमच्यातले कितीतरी जण तो फुकट करून द्यायला तयार होतील. मजकूर आम्ही लिहू, तारखा आणि मर्यादा तुम्ही भरा. एखाद्या पेशंटच्या बाबतीत हलवणं खरोखरच धोक्याचं असेल, तर तेही तसंच स्पष्ट येऊ द्या: 'उजवा पाय सहा आठवडे टेकवायचा नाही.' एवढं असलं तरी आमचं काम अडत नाही. डावा पाय, दोन हात, पाठ आणि श्वास, एवढं तर त्या दिवसापासून सुरू करता येतं. आणि कार्डावरचा तुमचा मोबाइल नंबर जरा वाचता येईल असा लिहा. सूनबाईंनी 'निसटणार तर नाही ना' विचारलं, की मला तिथल्या तिथे तुम्हाला फोन लावता आला पाहिजे.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक फिजिओथेरपिस्ट